वाचक विचारतात : सासूबाई हॉलमध्ये आणि टीव्हीवर ‘अनटोल्ड स्कँडल’

ताई, मी आणि माझी लेक कोरियन सिरीयलवाल्या. ‘अनटोल्ड स्कँडल’ म्हणून जुना सिनेमा कुणीतरी सुचवला, राजेरजवाड्यांच्या काळातला आहे, बे योंग-जुन आहे, म्हणून रविवारी दुपारी लावला तर सासूबाई पण येऊन बसल्या. थोड्या वेळात रिमोट शोधायची पळापळ. नंतर रात्री एकटीने पूर्ण बघितला आणि शेवटाला चक्क रडले. आता मला कळेना, हा चावट सिनेमा की चांगला? — एक वाचक, नौपाडा, ठाणे

अहो दोन्ही! आणि सासूबाईंना काय वाटलं ते पण कळवायचं होतंत, मला त्यातच जास्त रस आहे.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमा 2003 चा, दिग्दर्शक ली जे-योंग, काळ अठराव्या शतकाच्या शेवटाकडचा, जोसॉन राजघराण्याच्या राज्यातला कोरिया. मूळ गोष्ट फ्रेंच, लाक्लो नावाच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने 1782 मध्ये लिहिलेली पत्रांची कादंबरी. लेडी जो ही बड्या घरातली बाई, तिच्या नवऱ्याला वंशाला दिवा हवा म्हणून एक कोवळी मुलगी घरात आणायचं ठरलंय, तर त्याचा सूड म्हणून ती आपल्या चुलतभावाला, जो-वॉनला सांगते की त्या मुलीला आधी तूच बिघडव. हा जो-वॉन चित्रं काढतो, बायकांमागे फिरतो, नोकरीबिकरी काही करत नाही. तो म्हणतो त्यात काय मजा, मला ती लेडी चोंग हवी, तरुणपणी विधवा झालेली आणि वर्षानुवर्षं कडक नेमाने राहणारी. मग दोघांची पैज लागते, तो जिंकला तर बक्षीस म्हणजे लेडी जो स्वतः.

आता चावटपणाचं म्हणाल तर आहेच, लपवलेला पण नाही. पण बघा, माणसं इतके कपडे घालून, इतक्या सभ्य भाषेत, चहाचा पेला दोन्ही हातांनी पुढे करत एकमेकांचं वाटोळं करायच्या गोष्टी बोलतात, त्यात खरी गंमत आहे. वर पाठीमागे वाजतंय ते बरोक थाटाचं युरोपियन संगीत, घर कोरियन आणि सूर तिकडचे, आधी विचित्र वाटतं आणि मग दहा मिनिटांत पटून जातं.

तुम्ही रडलात त्याचं कारण माझ्या मते वेगळंय. मूळ कादंबरीत कट रचणारी बाई विधवा आहे आणि जिला फसवायचंय ती लग्नाची. कोरियन सिनेमाने हे बरोब्बर उलटं केलं, कट रचणारी संसारात अडकलेली आणि जिला फसवायचंय ती विधवा. एवढ्या एका बदलाने सगळी गोष्ट फिरते. फ्रान्समधली पैसेवाली विधवा म्हणजे मोकळी बाई, विचारणारं कोण नाही. जोसॉनमध्ये विधवा म्हणजे अख्ख्या घराण्याची अब्रू! पुन्हा लग्न केलेल्या बाईच्या मुलांना सरकारी परीक्षेला बसायची बंदी होती, आणि जी मरेपर्यंत तशीच राहिली तिच्या नावाने कमान उभारायचे. म्हणजे लेडी चोंगने नुसतं हसून बघितलं तरी ती केवढं पणाला लावतेय ते आपल्याला लगेच समजतं, पॅरिसच्या माणसाला कदाचित समजवावं लागेल, आपल्याला नाही. ही कादंबरी छापून आली त्याच साली इकडे सालबाईचा तह झाला, पुण्यात नाना फडणवीसांचा कारभार, आणि वाड्यावाड्यातून कोवळ्या वयाच्या आलवणातल्या मुली. कोरियात विधवेच्या लग्नाला मोकळीक मिळाली 1894 च्या सुधारणांत. कायदा आपल्याकडे त्याच्या बराच आधी, 1856 ला झाला होता, पण 1893 ला कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलंच ना. म्हणून म्हणते, सासूबाईंना पहिला अर्धा तास सोडून बाकीचा दाखवा, त्या तुमच्यापेक्षा जास्त रडतील.

त्यातली विधवा ख्रिश्चन दाखवलीये. आमच्या तलावपाळीजवळचं सेंट जॉन चर्च पोर्तुगीजांच्या काळातलं, म्हणजे इथे ते राज्य करायला आले आणि धर्म आणला हे समजतं. कोरियात त्या काळात कोण गोरा होता? का उगाच फ्रेंच कादंबरी आहे म्हणून घुसवलंय? — एक निवृत्त शिक्षक, ठाणे पश्चिम

सर, प्रश्न एक नंबर. घुसवलेलं नाही, आणि गोरा खरंच कोणी नव्हता. कोरियातली गोष्ट जगावेगळी आहे, तिथे आधी पुस्तकं आली, पाद्री नंतर. बीजिंगला जाणाऱ्या शिष्टमंडळांबरोबर चिनी भाषेतली ख्रिस्ती पुस्तकं यायची, ती तिथल्या विद्वान मंडळींनी वाचली, आपसात चर्चा केली, आणि यी सुंग-हुन नावाचा तरुण बीजिंगला गेला तो 1784 मध्ये बाप्तिस्मा घेऊनच परतला आणि येऊन बाकीच्यांना देऊ लागला. पहिला पाद्री दहा वर्षांनी पोचला, तोही चिनी.

दरबाराला राग कशाचा आला तर पूर्वजांची पूजा नाकारल्याचा. 1791 मध्ये पूर्वजांच्या नावाच्या, पूजेतल्या पाट्या जाळल्या म्हणून दोघांना ठार मारलं, 1801 मध्ये तर मोठी कत्तल झाली. शिवाय या लोकांच्या बैठकीत खानदानी आणि हलक्या मानलेल्या जातीचे, बाया आणि पुरुष, सगळे एका खोलीत बसायचे, जिथे चांगल्या घरच्या बाईने डोक्यावरून झगा ओढल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही तिथे हे केवढं मोठं! सिनेमात जो-वॉनला लेडी चोंगच्या जवळ जायला वाट मिळते ती इथूनच, आणि कादंबरीतली देवभोळी बाई कोरियात आणायला याहून चांगली जागा नव्हतीच.

हिरो हिरो काय म्हणता? त्या लहान मुलीच्या खोलीत रात्री जाऊन जे करतो त्याला काय म्हणायचं? आणि ते कॉमेडी म्हणून दाखवलंय! — नाव नको, कोपरखैरणे

मी हिरो म्हटलेलं नाही, पण तुमचा राग अगदी बरोबर आहे. मूळ कादंबरीत ती मुलगी पंधरा वर्षांची, आणि तो तिच्या खोलीची किल्ली फसवून मिळवतो. लाक्लोने ते लिहिलंय थंडपणे, वाचताना अंगावर येतं. सिनेमाने मात्र हलकंफुलकं केलंय, मुलगी आधी रडते आणि मग तिलाच आवडायला लागतं वगैरे, आणि हा या सिनेमाचा सगळ्यात कच्चा भाग आहे असं माझं स्पष्ट मत. 2003 मध्ये थिएटरात लोक हसले असतील, आज नाही हसवत. लेडी चोंगच्या बाजूला इतकी समज दाखवणारा दिग्दर्शक या पोरीच्या बाबतीत एवढा बेफिकीर कसा, मला कोडंच आहे.

बे योंग-जुनचं मात्र कौतुक करावं लागेल. आदल्याच वर्षी ‘विंटर सोनाटा’ सिरीयलमध्ये मफलर-चष्मा घालून सगळ्यांचा गोड जावई झालेला माणूस, मोठ्या पडद्यावरची पहिली मुख्य भूमिका म्हणून हा नालायक निवडतो, हिंमत लागते. आणि लेडी चोंग झालेली जॉन दो-यॉन, तिला पुढे 2007 मध्ये दुसऱ्या सिनेमासाठी फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. पण मला विचाराल तर सिनेमा खाल्लाय लेडी जो झालेल्या ली मी-सुकने, नुसत्या भुवया बघा तिच्या.

आधी कादंबरी वाचू की सिनेमा बघू? इंग्लिश पिक्चर पण आहेत म्हणे. — बी.ए.ची विद्यार्थिनी, घणसोली

सिनेमा बघ आधी. कादंबरीत 175 पत्रं आहेत, कोण कुणाला लिहितंय तेच सुरुवातीला डोक्यात बसत नाही, गोष्ट माहीत असली की मग कोण कुणाला कशी थाप मारतंय ते बघायला मजा येते. 1988 चा ग्लेन क्लोजवाला इंग्लिश सिनेमा जरूर बघ, तो मूळ फ्रेंच काळातच घडतो. 1999 चा ‘क्रुएल इन्टेन्शन्स’ न्यूयॉर्कच्या श्रीमंत पोरांचा, टाइमपास आहे. आणि 2012 मध्ये आणखी एका कोरियन दिग्दर्शकाने हीच गोष्ट चिनी भाषेत 1930 च्या शांघायमध्ये नेली, कपडे झकास, जीव कमी.

आमचा नेरुळला ज्येष्ठांचा कट्टा आहे, सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर दाखवावा का? — कट्ट्यावरचे एक काका

काका, घरी बघणं वेगळं आणि हॉलमध्ये लोकांना दाखवणं वेगळं, त्याला हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते, ती आधी बघा. ती मिळाली तर सबटायटल मोठ्या अक्षरात लावा, नातवंडांना त्या दिवशी बागेत पाठवा, आणि ज्यांनी आधी बघितलाय त्यांना मागच्या रांगेत बसवून शेवट सांगायचा नाही असा दम भरा.