एकच बोलतो, बाकीचे गप्प

प्रश्न : मी मानसोपचार विभागात परिचारिका आहे. आठ रुग्णांचा गट घेते. एक गृहस्थ बोलायला लागले की थांबतच नाहीत, बाकीचे खाली बघत बसतात. अडवलं तर ते दुखावतील, नाही अडवलं तर गट मोडेल. काय करू?

उत्तर : त्या गृहस्थांना राहू द्या, आधी उरलेल्या सात जणांकडे बघा. एक जण बोलत राहिला की बाकीच्यांना स्वतःचं दुखणं उघडं करावं लागत नाही; त्यांची ती सोयच असते! म्हणून "तुम्ही आता थांबा" म्हणण्यापेक्षा गटालाच विचारा, "हे बोलत असताना तुम्हाला काय वाटतं?" मग जी शांतता पसरेल ती लगेच भरू नका. हे अवघड आहे, मला माहीत आहे. परिचारिकेचा हात मदतीला आपोआप पुढे होतो. त्या गृहस्थांना मात्र, "तुमच्यानंतर इतरांचंही ऐकू या," असं नावाने, मऊपणे सांगा.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या गटांवर केलेले, 1939 मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग बघा. हुकूमशाही नेता खोलीबाहेर गेला की काम मंदावायचं; लोकशाही पद्धतीच्या गटात ते बरंचसं चालू राहायचं. म्हणूनच हुकूम सोडण्यापेक्षा गटालाच बोलतं करा.

एक अपवाद. बोलण्याचा हा धबधबा उन्मादाचा, म्हणजे मेनियाचा (मन आणि बोलणं अतिवेगाने धावण्याच्या आजाराचा) असेल, तर हे उपाय चालणार नाहीत. डॉक्टरांशी बोला आणि लक्षणं उतरेपर्यंत त्या गृहस्थांना गटाबाहेर ठेवा. शक्य असेल तर सोबत सहनेता घ्या. एकीने बोलावं, दुसरीने चेहरे वाचावेत.