पिल्ले गेली, पण दूध उतरतेच आहे : भाटीची काळजी कशी घ्यावी?

प्रश्न : कोथरूडमधील आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक भाटी (मांजरी) व्यायली होती. ती भटकी असली तरी रोज आमच्या दारात खाते आणि अंगाला हात लावू देते. पिल्ले जेमतेम तीन आठवड्यांची असताना पार्किंगची साफसफाई निघाली आणि कोणीतरी ती पोत्यात घालून कालव्याच्या कडेला सोडून दिली. काल सकाळपासून भाटी ओरडत जिन्याखाली येरझाऱ्या घालते आहे आणि तिचे स्तन भरून आले आहेत. शेजारच्या आजींचे म्हणणे, की दूध पिळून काढावे आणि बाळंतीण म्हणून तिला दूध-पोळी भरपूर घालावी. आम्ही काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पिल्ले अजूनही सापडू शकतात असे धरूनच आजचा दिवस खर्च करावा. तीन आठवड्यांचे पिल्लू अडखळत चालते, त्यामुळे त्याला जिथे सोडले तिथल्याच झुडपात किंवा दगडांच्या आडोशाला ते असण्याचा संभव अधिक असतो. ज्याने पिल्ले नेली त्याच्याशी भांडण काढले तर तो नेमकी जागा सांगणार नाही. म्हणून आधी जागा विचारून घ्यावी आणि तक्रार नंतर करावी. रहदारी कमी असते तेव्हा, म्हणजे पहाटे किंवा रात्री उशिरा, तिथे शांत उभे राहून कान द्यावा. भाटीला पिंजऱ्यात घालून सोबत नेल्यास तिच्या हाकेला पिल्ले ओ देतात, पण तिला पिंजऱ्याबाहेर मुळीच काढू नये.

पिल्ले सापडली, तर ती गार पडली आहेत का हे आधी पाहावे. गार पिल्लाला दूध पचत नाही. टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवून त्याला ऊब द्यावी आणि मगच आईकडे सोडावे. माणसाचा हात लागलेले पिल्लू मांजर जवळ घेत नाही, हा समज खरा नाही. दोन-तीन दिवसांच्या ताटातुटीनंतरही बहुतेक भाट्या पिल्ले चाटून जवळ घेतात, आणि ती ओढू लागली की दूधही पुन्हा वाढते.

आता दुधाविषयी. शेजारच्या आजींचा सल्ला मायेपोटी दिलेला आहे, पण तो पाळू नये. दूध जितके काढावे तितके अधिक तयार होते. स्तन भरलेले राहिले तरच शरीराला दूध थांबवण्याची खूण मिळते. म्हणून पिळणे, चोळणे, तेल लावून मालीश करणे, यांपैकी काहीही करू नये. सर्वसाधारणपणे आठवडा-दोन आठवड्यांत दूध आपोआप आटते. पिल्लांना दूध पुरावे म्हणून वाढवलेला आहार आता बंद करून तिला साध्या मापावर आणावे, मात्र उपाशी ठेवू नये. मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. पाणी नेहमीसारखे ठेवावे. गाईचे दूध देऊ नये, कारण बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब होतात.

आपण मनापासून लक्ष द्यावे असे काम एकच आहे. मांजरीला साधारणपणे आठ स्तन असतात, चार-चारच्या दोन ओळींत. ती कुशीवर पडली असताना सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येक स्तनाला बोटांच्या टोकांनी हलकेच स्पर्श करून पाहावा. सगळे सारखेच भरलेले पण दबणारे असतील, तर काळजीचे कारण नाही. एखादाच दगडासारखा कडक, इतरांपेक्षा गरम, लाल किंवा जांभळट लागला, त्याला हात लावताच ती फिस्कारली, किंवा तिथून पिवळसर अथवा रक्तमिश्रित स्राव आला, तर तो स्तनदाह समजावा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. ताप १०२.५ अंश फॅरनहाइटच्या वर जाणे किंवा दिवसभर तोंडात घास न घेणे, हीदेखील थांबू नये अशीच लक्षणे आहेत. स्तनदाह झालेल्या भाटीला पिल्ले लावायची की नाहीत, हे पशुवैद्यकालाच ठरवू द्यावे.

घरातील पॅरासिटामॉलची गोळी मात्र चुकूनही देऊ नये. तिचा लहानसा तुकडाही मांजराला मारू शकतो. डेटॉलसारखी जंतुनाशकेही स्तनांना लावू नयेत, कारण ती चाटून पोटात जातात आणि मांजराला विषारी ठरतात.

तिचे ओरडणे काही दिवस चालेल. तिला शोधू द्यावे, जिन्याखाली जाऊ द्यावे. रागावून हाकलू नये. तिच्या कुशीत दुसरी अनाथ पिल्ले द्यावीत असे कोणी सुचवेल, आणि अनेक भाट्या अशी पिल्ले स्वीकारतात हे खरे आहे, पण पॅनल्यूकोपेनियासारखा जीवघेणा आजार त्यांच्यासोबत येऊ शकतो, म्हणून तपासणीशिवाय हा प्रयोग करू नये.

पिल्ले मिळालीच नाहीत, तर नसबंदीचा विचार लांबवू नये. पिल्ले गमावलेली भाटी आठवड्या-दोन आठवड्यांतही माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत पुन्हा वितेही. म्हणजे पार्किंगच्या पुढच्या साफसफाईत हेच दुःख पुन्हा तिच्या वाट्याला येणार. दूध आटेपर्यंत तिला शक्यतो घरात, बोक्यांपासून दूर ठेवावे. दूध पूर्ण आटले नसले, तरी कुशीतून छेद घेऊन शस्त्रक्रिया करता येते. पशुवैद्यकाकडे जाताना पिल्ले कोणत्या तारखेला तुटली ते सांगावे, त्यावरून शस्त्रक्रियेचा दिवस ठरवणे सोपे जाते. आणि सोसायटीच्या समितीला लेखी कळवावे, की उपासमार होईल अशा जागी प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. यापुढे जिन्याखाली पिल्ले दिसल्यास साफसफाईपूर्वी आपल्याला कळवावे, अशी विनंतीही त्याच पत्रात करावी.