सांगाडा शरीराच्या बाकी संस्थांना नेमकी काय मदत करतो?

आधार आणि संरक्षण हे शाळेतलं उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. हाडं म्हणजे घराचे वासे नाहीत, ती जिवंत असतात. मटणातली नळी ठोकून आपण आतला मऊ गर चोखतो ना, तशीच मज्जा आपल्याही हाडांत असते. मोठ्या माणसात कमरेचं हाड, मणके, छातीचं मधलं हाड इथली लाल मज्जा सेकंदाला 20 लाखांच्या आसपास तांबड्या पेशी बनवते. पांढऱ्या पेशीही तिथल्याच.

दुसरं कॅल्शियम. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात ते जरा कमी पडलं की गळ्यातल्या परावटू ग्रंथींच्या संप्रेरकामुळे हाडांतून काढलं जातं, कारण त्याशिवाय स्नायू आणि हृदय चालत नाही. म्हणूनच रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल आलं तरी हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. घरातल्या पन्नाशीपुढच्या बायकांच्या बाबतीत हे कृपया लक्षात ठेवा.

बाकी, बरगड्यांवर हात ठेवून खोल श्वास घ्या. पिंजरा वर उचलला जातो, तेव्हा फुफ्फुसात हवा शिरते. आणि ऐकू येतं तेही कानातल्या तीन इवल्या हाडांमुळे. त्यातलं सर्वांत लहान, रिकीब, जेमतेम 3 मिलिमीटरचं.