कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर बसण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मेंदूच्या जाड सेक्शनमध्ये वीस-तीस मायक्रॉन खाली गेलं की सगळं अंधुक होतं. लेझर वाढवू का?

लेझर वाढवलात तर वरच्या थरातला रंग विझेल आणि खाली फारसा फरक पडणार नाही. आधी माउंटिंग मीडियम बघा, म्हणजे सेक्शन ज्यात बसवून वर कव्हरस्लिपची पातळ काच ठेवता ते. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हखाली (नमुन्याजवळच्या भिंगाखाली) तेल आणि काच दोन्हींचा अपवर्तनांक 1.52च्या आसपास असतो. सेक्शन नुसत्या बफरमध्ये बसवला असेल, तर तो 1.33 होतो. मग जितकं खोल जाल तितका फोकस पसरतो आणि चमकणाऱ्या ठिपक्याचा प्रकाश पिनहोलमधून (डिटेक्टरसमोरच्या बारीक छिद्रातून) पुरता जातच नाही. ग्लिसरॉलचं मीडियम वापरा, त्यालाच जुळणारं ऑब्जेक्टिव्ह मिळालं तर उत्तमच. कव्हरस्लिप 0.17 मिमीची हवी, म्हणजे डबीवर 1.5 नंबर असलेली. कितीतरी लॅबमध्ये 1 नंबरच्या डब्या सर्रास वापरतात. त्या आजच बाजूला काढा. घट्ट होणारं मीडियम असेल तर स्लाइड रात्रभर अंधारात आडवी ठेवा. मात्र अशा मीडियममध्ये सेक्शन चपटा होतो, त्यामुळे जाडी मोजायची असेल तर ते नकोच.

प्रश्न : माझी हिरवी आणि लाल प्रथिनं अगदी एकाच जागी दिसतात. दोन्ही जोडलेली आहेत असं लिहू का?

लगेच नको. लाल रंग चमकवणारा 561 नॅनोमीटरचा लेझर बंद करा, फक्त हिरव्यासाठीचा 488 चालू ठेवा आणि लाल चॅनेलकडे बघा. तिथे तोच आकार उमटला, तर हिरव्याचा प्रकाश लालमध्ये गळतोय. मग दोन्ही चॅनेल एकामागून एक स्कॅन करा. एकेकच रंग दिलेल्या स्लाइड प्रत्येक प्रयोगात ठेवाच. गळती नसली तरी साधारण 200 नॅनोमीटरच्या आतलं अंतर हे यंत्र वेगळं दाखवू शकत नाही, आणि तेवढ्या जागेत कितीतरी प्रथिनं मावतात. ‘एकाच भागात आढळतात’ एवढंच लिहा.

प्रश्न : कंट्रोल (तुलनेची स्लाइड) काळाच दिसतो, म्हणून त्याचा गेन (डिटेक्टरची संवेदनशीलता) वाढवला. चालेल ना?

मुळीच नाही. सगळ्यात उजळ सॅम्पलवर गेन आणि लेझर ठरवा, एकही पिक्सेल कमाल उजळपणाला, म्हणजे 8 बिटमध्ये 255ला, टेकू देऊ नका आणि त्याच सेटिंगवर सगळ्या स्लाइड घ्या. कंट्रोल काळा दिसणं हीच तुमची माहिती आहे.

प्रश्न : पिनहोल उघडला की चित्र उजळतं. मग तसाच ठेवू?

1 एअरी युनिटवर ठेवा, म्हणजे फोकसमधल्या ठिपक्याच्या मधल्या उजळ चकतीएवढं. मार्विन मिन्स्कींनी 1957मध्ये पेटंटसाठी मांडलेली कल्पना हीच होती : फोकसबाहेरचा प्रकाश अडवायचा. पिनहोल उघडलात की तोच आत येतो. सिग्नल कमी पडत असेल तर स्कॅनचा वेग कमी करा किंवा ॲव्हरेजिंग (तीच जागा अनेकदा स्कॅन करून सरासरी घेणं) वाढवा.