इंग्लंडमधल्या बिअर फेस्टिव्हलला पहिल्यांदाच जाणार आहे. मी फार पीत नाही, शिवाय शाकाहारी आहे. तिथे जाण्यात अर्थ आहे का?

जरूर जा. कमी पिणाऱ्याची तर पबपेक्षा इथे जास्त चांगली सोय होते. मी इंग्लंडमध्येच राहतो आणि आमच्या गावच्या फेस्टिव्हलला स्वयंसेवक म्हणून बारमागे उभा असतो, त्यामुळे पडद्यामागचंही थोडं सांगतो.

यातले बरेचसे फेस्टिव्हल 'कॅम्रा' या ग्राहकांच्या संघटनेचे असतात. ती १९७१ साली सुरू झाली. मोठ्या कंपन्या तेव्हा बिअर गाळून, पाश्चराइज करून, वरून गॅस भरून विकायला लागल्या होत्या. अशी बिअर टिकते छान, पण चव मारली जाते. पिंपातच आंबत राहणारी जुनी बिअर अशाने नामशेष होईल, या काळजीतून ही चळवळ उभी राहिली. १९७५ मध्ये त्यांनी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला बिअरचं प्रदर्शन भरवलं आणि १९७७ मध्ये अलेक्झांड्रा पॅलेसला पहिला ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल झाला. आजही बारमागची माणसं बिनपगारी असतात, हौसेने सुट्टी टाकून येतात.

हॉलमध्ये शिरलात की आधी आडवी ठेवलेली पिंपं बघा. साधारण ४१ लिटरचं, म्हणजे ७२ पाइंटचं पिंप सर्रास दिसतं. लोकांना आत सोडण्याआधीच ती आणून लावतात, कारण आतला यीस्टचा गाळ तळाशी बसायला वेळ लागतो. वरच्या बुचात मऊ लाकडाची छोटी खुंटी ठोकली की फसफसून फेस वर येतो. त्याचा जोर ओसरला की कडक लाकडाची खुंटी बसवायची. पुढची तोटी लाकडी हातोड्याच्या एकाच ठोक्यात आत गेली पाहिजे. हात कचरला तर बिअर अंगावर येते. एकदा हवा लागली की पिंप तीन-चार दिवसांत संपवावं लागतं. ही बिअर जिवंत आहे असं आम्ही म्हणतो ते यासाठी. ती बर्फासारखी गारही नसते, ११ ते १३ अंशांवर देतात. पहिला घोट कोमट वाटेल, पण माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, गोडी आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा याच तापमानाला कळतो.

आता शाकाहाराचं. हे आधीच विचारलंत ते बरं केलंत, कारण बिअरमध्ये काय असणार असं आपण धरून चालतो. गाळ लवकर बसावा म्हणून पिंपातल्या बिअरमध्ये परंपरेने आयसिंग्लास घालतात, आणि ते माशाच्या वायुपिशवीपासून बनतं. हल्ली बरेच ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारे, ते घालत नाहीत. त्यांची बिअर कधी कधी गढूळ दिसते, पण ती खराब नसते. यादीत अनेकदा व्हीगन अशी खूण असते. नसेल तर बारवर सरळ विचारा, कोणी वाकडं तोंड करणार नाही.

दारात ग्लास घ्यायचा. बहुतेक ठिकाणी त्याचं डिपॉझिट असतं, निघताना परत करून पैसे घ्या किंवा ग्लास घरी न्या. त्यावर मापाच्या रेघा असतात. तुम्ही एक तृतीयांश पाइंटच मागा, म्हणजे जेमतेम १९० मिली. त्यात कमीपणा काही नाही. आम्ही स्वतःही तेच पितो, नाहीतर चार चवी घेऊन होणार कशा? सुरुवात माइल्ड नावाच्या सौम्य बिअरने करा: बहुधा काळसर, बऱ्याचदा साडेतीन टक्क्यांच्या आसपासची. बार्ली वाइन ही बिअरच, पण आठ-दहा टक्क्यांची, तेव्हा ती शेवटी आणि थोडीच. काय घ्यावं कळेना झालं तर बारवर चव मागा, आम्ही घोटभर आनंदाने देतो. गर्दी नसेल तर ब्रुअरीबद्दलही विचारा. बारमागे उभं राहण्यातली खरी मजा मला त्या गप्पांतच येते.

कोणाच्या हातून ग्लास फुटला की अख्खा हॉल जल्लोष करतो, दचकू नका. शनिवारी संध्याकाळपर्यंत चांगली पिंपं रिकामी झालेली असतात, म्हणून जमलं तर गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी जा. पोटभर जेवून जा, मध्ये मध्ये पाणी प्या आणि गाडी घरीच ठेवा.