मैदानावरून : एसईसीची सद्दी खरंच संपली का?

प्रश्न : बाई, नमस्कार. आमचा मुलगा अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकतो. जानेवारीत त्यांचा फुटबॉल संघ देशात पहिला आला, तेव्हापासून फोनवर त्याचं एकच चाललंय, "एसईसीची सद्दी संपली, आता बिग टेनचे दिवस." आम्हाला यातलं काहीच कळत नाही. तो म्हणतो ते खरं आहे का?
— एक पालक, फोंडा

उत्तर : मुलाला माझं अभिनंदन कळवा. तो सामना मीही पाहिला. आपल्याकडे मंगळवार, २० जानेवारी २०२६ची सकाळ होती. पोदेराचा भोंगा दारावरून गेला तरी मी फोनसमोरून हलले नाही. घरात पाव नाही, म्हणून रात्रीच्या भातालाच फोडणी दिली. माझी भाची अमेरिकेत कोलंबसला राहते. हा खेळ मला तिनं शिकवला आणि आता मी तो नेमानं पाहते.

हा आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा तो पुढे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकता आलं नाही, तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. विद्यापीठांच्या मंडळाला तिथे कॉन्फरन्स म्हणतात. एका मंडळातले संघ मोसमातले बहुतेक सामने आपसात खेळतात आणि टीव्हीकडून येणारा पैसा वाटून घेतात. एसईसी हे दक्षिणेचं मंडळ : अलाबामा, जॉर्जिया, फ्लोरिडा, लुइझियाना वगैरे. बिग टेन उत्तरेचं, १८९६ पासूनचं : मिशिगन, ओहायो स्टेट, तुमच्या मुलाचं इंडियाना. नावात दहा आहेत, पण आज सभासद १८ आहेत.

आता सद्दीचं. २००६ ते २०१२ अशी ओळीनं सात विजेतेपदं एसईसीनं घेतली. २००६ ते २०२२ या १७ मोसमांत त्यांची १३ विजेतेपदं होती आणि १६ अंतिम सामन्यांत त्यांचा एक तरी संघ होता. २०११ ला तर दोन्ही संघ त्यांचेच. मग २०२३ ला मिशिगन, २०२४ ला ओहायो स्टेट आणि २०२५ च्या मोसमात इंडियाना, तिन्ही बिग टेनचे. या तिन्ही अंतिम सामन्यांत एसईसीचा एकही संघ नव्हता.

आपण गोवेकरांनी हे अनुभवलेलं आहे. आय-लीग म्हणजे तेव्हाची देशातली सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा. २००७-०८ ते २०१२-१३ सलग सहा आय-लीग गोव्याच्या क्लबांनी जिंकल्या : धेंपोनं तीन, चर्चिल ब्रदर्सनं दोन, साळगावकरनं एक. सालंसुद्धा जवळपास जुळतात बघा. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर बसून आम्ही म्हणायचो, हे आपल्या मातीतच आहे. २०१३-१४ ला बंगळूरचा नवाकोरा क्लब आला आणि पहिल्याच मोसमात करंडक घेऊन गेला. २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. माती बदलली नव्हती. बदलली होती ती स्पर्धेची रचना आणि पैशाची वाट. म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेची मुलं जन्मतःच दांडगी असं कुणी म्हणू लागलं, की मी ते मान्य करत नाही.

एसईसीचं खरं बळ त्यांच्या बाकावर होतं. माझ्या शाळेत एक गोलरक्षक होता. उजव्या हाताची करंगळी मोडून वाकडी जुळलेली, तरी कॉर्नरचा चेंडू दोन्ही मुठींनी पार पेनल्टीच्या चौकोनाबाहेर काढायचा. एका मोठ्या क्लबानं त्याची सही घेतली. त्यांच्याकडे आधीच दोन गोलरक्षक होते. तिसरा कशाला? तर तो दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून. दोन मोसम पोर ट्रॅकसूट घालून बाकावर बसलं, हातमोज्यांना चिखल लागला नाही. तिसऱ्या वर्षी बंदरात नोकरीला लागला. अलाबामा, जॉर्जियाच्या बाकावर अशी कितीतरी मुलं बसायची, इतर कुठेही पहिल्या संघात खेळली असती अशी. विद्यापीठ बदललं तर एक अख्खा मोसम बाहेर बसावं लागे, म्हणून ती तिथेच कुढत राहायची.

२०२१ ला तो नियम सैल झाला : एकदा मोसम न गमावता बदली घ्या. २०२४ पासून कितीही वेळा. त्याच २०२१ च्या जुलैपासून स्वतःच्या नावावर, जाहिरातींतून कमाई करायलाही मोकळीक मिळाली. बाकावरची मुलं उठली आणि जिथे खेळायला मिळेल तिथे गेली. राखीव फळीची जी भिंत होती, ती अशी खचली.

इंडियाना २०२३ ला तीन सामने जिंकलं होतं आणि नऊ हरलं होतं. मग जेम्स मॅडिसन या त्या मानानं लहान विद्यापीठातून कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले. येताना तिथले तयार खेळाडूही घेऊन आले. ही मुलं वयानं मोठी होती, त्यांना सामन्यांचा सराव होता, एकमेकांची सवय होती. पहिल्या वर्षी ११ विजय, दुसऱ्या वर्षी १६ पैकी १६. रोझ बोल या बाद फेरीच्या सामन्यात अलाबामाला त्यांनी ३८–३ असं हरवलं, तेव्हा मी गुणफलक दोनदा वाचला. अंतिम सामन्यात मायामीवर २७–२१. शेवटच्या भागात चौथा प्रयत्न होता. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, फर्नांडो मेंडोझा चेंडू कुणालाही न देता स्वतः मधून घुसला, धडका खात गरकन वळला आणि आडवा झेपावून रेघ ओलांडली. माझ्या अंगावर काटा आला.

तर, सद्दी संपली का? एकहाती सत्ता संपली, असं मी खात्रीनं म्हणेन. ताकद संपलेली नाही. २०२५ च्या मोसमात प्लेऑफच्या, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीच्या, १२ संघांत पाच एसईसीचे होते आणि व्यावसायिक संघ अजूनही सगळ्यात जास्त खेळाडू तिथूनच उचलतात. मुलाच्या आनंदावर मात्र विरजण घालू नका. इंडियानाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पराभव पाहिलेत.

प्रश्न : लॉस एंजेलिसची विद्यापीठं आणि न्यू जर्सीचं विद्यापीठ एकाच मंडळात, बिग टेनमध्ये, कशी? नकाशा पाहिला तर डोकं फिरतं.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ही दोन टोकं सुमारे ४,००० किलोमीटर लांब आहेत, काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षा जास्त. कारण टीव्ही. १९८४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रक्षेपणाचे हक्क विकण्यातली राष्ट्रीय संघटनेची मक्तेदारी मोडली आणि तेव्हापासून मंडळं आपापले सौदे करू लागली. २०२१ ला टेक्सस आणि ओक्लाहोमानं एसईसीत जायचं ठरवलं. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठं बिग टेनकडे वळली आणि त्याच उन्हाळ्यात बिग टेननं सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. २०२३ ला ऑरेगन आणि वॉशिंग्टनही गेली. १९१५ पासूनचं पश्चिम किनाऱ्याचं मंडळ, पॅक-१२, एका उन्हाळ्यात कोसळलं. बारांतली दहा गेली. मागे उरली ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. या दोघांनी काहीही चूक केलेली नव्हती. त्यांची गावं लहान, टीव्हीला प्रेक्षक कमी, एवढंच.

मेंडोझाचंच बघा. २०२३ ला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून पॅक-१२ मध्ये खेळला. २०२४ ला तेच विद्यापीठ अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसी या मंडळात गेलं. २०२५ ला तो स्वतः इंडियानाला आला. तीन वर्षांत तीन मंडळं, आणि त्यातला एकच बदल त्याचा स्वतःचा.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. शेजारी शेजाऱ्याशी खेळतो तेव्हाच खेळाला चव येते. फुटबॉलवाले खास विमानानं जातील, पण त्याच मंडळात व्हॉलीबॉलच्या, पोहण्याच्या मुलीही आहेत. मी शाळेच्या मुलींना कदंबच्या बसनं फोंड्याहून काणकोणला नेत असे. परतताना निम्म्या पोरी खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या, मांडीवर उद्याच्या परीक्षेचं पुस्तक उघडंच. तो प्रवास दोन तासांचा होता. या मुली तीन कालविभाग ओलांडून वर्गात परततात.

प्रश्न : सगळे आपापल्या मंडळात खेळतात, मग कुठलं मंडळ भारी हे ठरवायचं कसं?
— एक वाचक, साखळी

उत्तर : विजेत्यावरून ठरवू नका. एका मंडळातला मधला, सातवा-आठवा संघ दुसऱ्याच्या सातव्या-आठव्याशी खेळतो तेव्हा लक्ष द्या. एसईसी आजवर मंडळातले आठच सामने खेळायची, बिग टेन नऊ. तो एक कठीण सामना वाचायचा. २०२६ पासून एसईसीही नऊ खेळणार आहे, तेव्हा तुलना जरा न्याय्य होईल.

प्रश्न : मी कॉलेजच्या संघात खेळतो. तिथल्या विद्यार्थ्यांना पैसे मिळतात म्हणे. हे बरोबर आहे का?
— एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : बरोबर आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयानं खेळाडूंच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्याप्रमाणे पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट देऊ शकतं. एक लाख माणसं ज्यांच्यासाठी तिकीट काढून बसतात, त्यांनी नुसत्या शिष्यवृत्तीवर राहावं, हे मला कधीच पटलं नाही. काळजी वेगळी आहे. मर्यादा सगळ्यांना सारखी असली, तरी तिथपर्यंत पोचण्याची ऐपत सारखी नाही. बिग टेन आणि एसईसी दोघंही श्रीमंत झालीत आणि बाकीची मंडळं मागे पडतायत. पारडं उत्तरेकडे झुकलं की दक्षिणेकडे, यापेक्षा मला हे जास्त खुपतं.

वर ज्या गोलरक्षकाबद्दल लिहिलं, तो परवा वास्कोच्या बाजारात भेटला. पन्नाशी ओलांडली त्यानं, हातात बांगडे भरलेली मासळीची पिशवी होती. मी त्याला ही बदल्यांची सगळी गोष्ट सांगितली. त्यानं एकच विचारलं, "टीचर, सोडून जायला त्यांना क्लबाचं पत्र लागत नाही?" पूर्वी लागायचं, मी म्हटलं. २०१८ पासून लागत नाही.