वाचकांचे प्रश्न : लांबच्या माऱ्यासाठी कोणती रायफल?

प्रश्न : माझा मावसभाऊ अमेरिकेतील कोलोरॅडोत राहतो. तो रीतसर परवान्यावर एल्कच्या (तिकडच्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाणार आहे. त्याने .३०-०६ रायफल घ्यावी की .३०० विंचेस्टर मॅग्नम?
– एक वाचक, ता. उमरखेड, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस बंदी असल्यामुळे, तुरीत रानडुकरे शिरली तरी हे उत्तर इकडे लागू करू नये. एल्कचा नर आपल्या रोहीपेक्षाही थोराड असतो. तेथील नियमानुसार त्यासाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीचा इंचांतील व्यास) व ८५ ग्रेन (गोळीच्या वजनाचे बारीक माप) एवढी गोळी लागते. लांबच्या माऱ्याला मात्र एवढ्यावर विसंबू नये. १९०६ पासून चालत आलेली .३०-०६, १८० ग्रेनच्या गोळीसह, माझ्या मते आपल्या भावाला पुरेशी आहे. २०० यार्डांवर नेम जुळवल्यास ४०० यार्डांवर ती गोळी सुमारे दोन फूट खाली उतरते. १९६३ ची मॅग्नम त्याहून कमी उतरते, हे खरे; परंतु तिचा धक्का इतका जबर असतो की नवख्या माणसाचे डोळे चाप ओढण्याआधीच मिटतात, नळी हलते आणि पोटात गोळी लागलेले जनावर रानात तडफडत राहते. भावाने आधी कागदी लक्ष्यावर भरपूर सराव करावा आणि ज्या अंतरावर पाचही गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसतात, त्यापलीकडे गोळी झाडू नये.